स्वतःकडे परतणाऱ्या नोंदी आणि त्यांचे प्रामाणिक लेखन

संगणकाच्या स्मृतीत माहिती एका प्रकारे साठविली जाते आणि कागदावर ती दुसऱ्या प्रकारे लिहिली जाते. स्मृतीतील माहिती जाळ्यासारखी असते. एका गाठीपासून अनेक धागे निघून दुसऱ्या गाठींना मिळतात आणि त्यांपैकी काही फिरून पहिल्या गाठीकडे येतात. लिखित मजकूर मात्र ओळीसारखा असतो. त्याला आरंभ असतो, शेवट असतो, आणि एका अक्षरामागून दुसरे अक्षर अशा क्रमानेच तो पुढे सरकतो. जाळे ओळीत कसे उतरवावे, हा आज्ञावली रचणाऱ्यांपुढील जुना व नित्याचा प्रश्न आहे. वरवर पाहता तो निव्वळ तांत्रिक वाटतो. परंतु लिहिलेली माहिती खरी राहिली की वाटेत बिघडली, हे त्याच्या उत्तरावर अवलंबून असते. यास्तव संगणकाचे शिक्षण घेणाऱ्या प्रत्येकाने तो एकदा तरी नीट समजून घेतला पाहिजे.

एका कुटुंबाची माहिती संगणकात ठेवावयाची आहे असे समजावे. पित्याच्या नोंदीत त्याचे नाव, जन्मवर्ष आणि अपत्यांची यादी आहे. या यादीत अपत्यांची संपूर्ण माहिती पुन्हा लिहिलेली नसते. प्रत्येक अपत्याची नोंद स्मृतीत ज्या जागी आहे त्या जागेचा पत्ता तेवढा तेथे ठेवलेला असतो. अशा पत्त्यास निर्देश म्हणता येईल. अपत्याच्या नोंदीतही ‘पिता’ या शीर्षकापुढे पित्याच्या नोंदीचा निर्देश असतो. ही व्यवस्था सर्वस्वी सोयीची आहे. पित्यावरून अपत्ये सापडतात, अपत्यावरून पिता सापडतो. आणि पित्याची नोंद एकच असल्यामुळे तीत केलेली दुरुस्ती सर्व अपत्यांना आपोआप लागू होते.

आता ही माहिती मजकुरात उतरविण्याचे काम आज्ञावलीच्या एका भागाकडे सोपविले आहे. त्या भागाला लेखनिक म्हणणे सोयीचे होईल. लेखनिकाला दिलेला नियम साधा आहे: समोर आलेली नोंद लिहावी, आणि तीत निर्देश आढळल्यास त्याने दाखविलेली नोंद तेथेच पूर्ण लिहून मग पुढे जावे. लेखनिक पित्याची नोंद लिहू लागतो. अपत्यांच्या यादीपाशी येताच तो पहिल्या अपत्याची नोंद लिहावयास घेतो. तीत ‘पिता’ हे शीर्षक येते. तेव्हा नियमानुसार तो पुन्हा पित्याची नोंद लिहू लागतो, आणि तीत पुन्हा तेच अपत्य येते. नियम अचूक पाळला जात आहे, पण लेखन कधीही संपणार नाही.

मनुष्य दुसऱ्याच फेरीला थांबला असता. संगणक थांबत नाही, कारण थांबण्याविषयी त्याला काहीच सांगितलेले नाही. प्रत्येक नोंदीच्या पोटात शिरताना बाहेरचे काम अर्धवट राहते आणि ते कोठवर आले होते याची खूण एका राखीव जागेत ठेवावी लागते. या खुणांची चळत वाढत जाते व राखीव जागा भरताच आज्ञावली बंद पडते. पायथन भाषेत अशा एकात एक गुंतलेल्या कामांची मर्यादा सामान्यतः १,००० ठरविलेली असते. ती ओलांडताच भाषा स्वतःच काम थांबवून दोष दाखविते. जेथे अशी मर्यादा घातलेली नसते तेथे संगणक स्मृती संपेपर्यंत लिहीत राहतो.

चक्र कोठून येते

असे चक्र म्हणजे रचनाकाराची चूक, असा पुष्कळांचा समज असतो. तो बरोबर नाही. जगातील कित्येक संबंध मूळचेच दुहेरी असतात. खात्याला कर्मचारी असतात आणि कर्मचाऱ्याला खाते असते. पुस्तकाला लेखक असतो आणि लेखकाच्या नावावर पुस्तके असतात. दिल्लीची रिंग रेल्वे हजरत निजामुद्दीन स्थानकापासून निघते, लजपत नगर, सेवा नगर अशी स्थानके घेत शहराला वळसा घालते आणि पुन्हा निजामुद्दीनलाच येते. प्रत्येक स्थानकाच्या नोंदीत ‘पुढील स्थानक’ लिहावयाचे ठरविले, तर ती यादी कोठेच संपत नाही. आणि ती संपत नाही हेच त्या मार्गाचे यथार्थ वर्णन आहे. संगणकाच्या पडद्यावर दिसणाऱ्या महाजालाच्या पानाचीही तीच गोष्ट आहे. त्यातील प्रत्येक घटकाला आपल्या पोटातील घटक ठाऊक असतात, तसाच आपल्याला पोटात घेणारा घटकही ठाऊक असतो. चक्र हा वास्तवाचा भाग असल्यामुळे त्याला नाकारून चालत नाही; ते लिहिताना काय करावयाचे, हे ठरवावे लागते.

तीन मार्ग

आजवरच्या अनुभवातून या प्रश्नाची तीन उत्तरे पुढे आली आहेत.

पहिले उत्तर नकाराचे आहे. जावास्क्रिप्ट भाषेच्या २००९ साली प्रसिद्ध झालेल्या मानकात नोंदींचे जेसन नावाच्या मजकुरात रूपांतर करण्याची अंगभूत सोय देण्यात आली. जेसनचे व्याकरण अत्यंत लहान आहे. त्यात संख्या, अक्षरमाला, होय-नाही ही मूल्ये, रिक्त मूल्य, याद्या आणि नावनिशीवार नोंदी एवढेच लिहिता येते. ‘ही तीच मागची नोंद’ असे म्हणण्यासाठी त्यात शब्दच नाही. म्हणून चक्र आढळताच ही सोय लिहिण्याचे नाकारते व दोष दाखविते. पायथनमधील जेसन लिहिणारा भागही असेच करतो. हा नकार गैरसोयीचा वाटला तरी तो सचोटीचा आहे. जे लिहिता येत नाही ते लिहिल्याचा आव तो आणीत नाही.

दुसरे उत्तर खुणेचे आहे. पायथनमध्ये एखाद्या यादीत तीच यादी घातली आणि ती छापावयास सांगितली, तर आतल्या जागी कंसात तीन टिंबे छापली जातात. पाहणाऱ्याला एवढेच कळते की येथून वाट मागे वळते. मात्र त्या टिंबांवरून मूळ यादी पुन्हा उभी करता येत नाही. बाहेरून आत अनेक याद्या असतील, तर टिंबे त्यांपैकी कोणत्या यादीकडे बोट दाखवितात हेही समजत नाही.

तिसरे उत्तर नामकरणाचे असून ते सर्वांत पूर्ण आहे. लिस्प ही भाषा जॉन मॅकार्थी यांनी १९५८ साली अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेत रचावयास घेतली. तिच्यातील याद्या दोन-दोन निर्देशांच्या जोड्यांनी बनलेल्या असत. त्यामुळे यादीचे शेपूट वळवून तिच्या तोंडाला जोडणे सहज शक्य होते, आणि चक्राचा प्रश्न तेथे फार लवकर उभा राहिला. पुढे कॉमन लिस्प या तिच्या प्रमाणित रूपात, ज्याचे वर्णन गाय स्टील यांच्या १९८४ सालच्या ग्रंथात आले, त्यासाठी एक नेटकी पद्धत ठरली. पुन्हा भेटणारी नोंद प्रथम जेथे लिहिली जाते तेथे तिला ‘#१=’ अशी खूण देतात; पुढे तिचा उल्लेख आला की नुसते ‘#१#’ लिहितात. वाचणाऱ्या आज्ञावलीला या खुणांवरून मूळ जाळे जसेच्या तसे विणता येते. ही पद्धत आपणहून चालू होत नाही, तिची कळ फिरवावी लागते. कळ न फिरविता चक्र छापावयास दिले तर छपाई न संपण्याचा धोका राहतोच, हे लक्षात ठेवणे अगत्याचे आहे. यॅमल नावाच्या अलीकडील मजकूर-पद्धतीतही नाव देण्याची व त्या नावाने निर्देश करण्याची अशीच सोय आहे.

मराठी वाचकाला ही तिसरी पद्धत परकी वाटू नये. जमिनीच्या खरेदीखतात आरंभी एका पक्षाचे नाव, वय, धंदा व राहण्याचे ठिकाण सविस्तर लिहितात आणि पुढे सर्वत्र त्याला ‘लिहून देणार’ एवढेच म्हणतात. मिळकतीच्या चतुःसीमा एकदा सांगितल्या की नंतर ‘सदर मिळकत’ एवढ्यानेच भागते. दस्तऐवज त्यामुळे लहान होतो, हा लाभ दुय्यम आहे. मुख्य लाभ असा की, पहिल्या कलमातील मिळकत आणि सातव्या कलमातील मिळकत एकच आहे याविषयी शंका उरत नाही. ‘सदर’ हा शब्द जे कार्य दस्तऐवजात करतो, तेच कार्य लिस्पची ती खूण मजकुरात करते.

दुसरी भेट म्हणजे चक्र नव्हे

या तीन मार्गांखेरीज एक चौथी वाट पुष्कळ ठिकाणी रूढ झाली आहे आणि तिच्याविरुद्ध स्पष्ट बोलणे आवश्यक आहे. जेसन लिहिताना दोष दिसला की घाईत असलेला आज्ञावलीकार लेखनिकाला एक वही देतो. लिहिलेल्या प्रत्येक नोंदीची त्या वहीत टीप करावयाची, आणि वहीत आधीच असलेली नोंद पुन्हा समोर आली की ती गाळावयाची, किंवा तिच्या जागी ‘चक्र’ असा शब्द घालावयाचा, एवढाच तो उपाय. दोष नाहीसा होतो, काम पुढे चालते, आणि उपाय यशस्वी झाला असे वाटते. वस्तुतः येथेच माहिती बिघडते.

एका शाळेतील विद्यार्थ्यांची यादी शिष्यवृत्तीसाठी दुसऱ्या कार्यालयाकडे पाठवावयाची आहे असे समजावे. यादीत दोन सख्खी भावंडे आहेत. दोघांच्या नोंदींत ‘पालक’ या शीर्षकापुढे एकाच पालकाच्या नोंदीचा निर्देश आहे. पालकाच्या नोंदीत नाव, पत्ता व उत्पन्न आहे. येथे चक्र मुळीच नाही, कारण पालकाच्या नोंदीतून विद्यार्थ्याकडे परत येणारी वाटच नाही. परंतु वही बाळगणारा लेखनिक थोरल्या भावंडाच्या वेळी पालकाची टीप करतो आणि धाकट्याच्या वेळी तीच नोंद पाहून ती गाळतो. पाठविलेल्या मजकुरात धाकट्याला पालकच उरत नाही. कोठेही दोष दाखविला गेलेला नाही, आज्ञावली बंद पडलेली नाही, आणि शाळेतील मूळ माहिती निर्दोष आहे. पलीकडच्या कार्यालयाला मात्र पालकाचे नाव नसलेला अर्ज मिळतो. तो अपूर्ण म्हणून बाजूला ठेवला गेला तर त्याचे कारण ना शाळेला कळेल, ना त्या मुलाला. बंद पडलेली आज्ञावली निदान आपण बंद पडलो हे सांगते. गाळून लिहिणारी आज्ञावली काहीच सांगत नाही. म्हणूनच दुसरी पहिलीपेक्षा अधिक घातक समजली पाहिजे.

या चुकीचे मूळ दोन भिन्न गोष्टी एक मानण्यात आहे. एखादी नोंद दुसऱ्यांदा भेटणे हे सामायिकतेचे लक्षण असू शकते. चक्राचे लक्षण याहून वेगळे आहे. एखादा मनुष्य एका घरातून बाहेर पडून काही वेळाने पुन्हा त्याच घरी आला, तर त्यात वावगे काही नाही. ज्या घरातून तो अद्याप बाहेरच पडलेला नाही त्याच घरात तो पुन्हा शिरत असेल, तर मात्र तो फेऱ्यात सापडला आहे. लेखनिकाने हाच भेद पाळावा. नोंद लिहावयास घेताना तिचे नाव वहीत लिहावे आणि ती लिहून पूर्ण होताच ते नाव खोडावे. अशा वहीत कोणत्याही क्षणी केवळ चालू वाटेवरील नोंदीच राहतात. समोर आलेली नोंद त्या वहीत असेल तरच चक्र आहे. नसेल तर ती निःशंकपणे लिहावी. भाषांच्या अंगभूत सोयी चक्र ओळखताना याच पद्धतीचा अवलंब करतात. फरक एका खोडण्याचा आहे, पण त्या एका कृतीने धाकट्या भावंडाचा पालक त्याला परत मिळतो.

ओळख पटविताना आणखी एक सावधगिरी हवी. सारखेपणा आणि एकपणा यांत अंतर आहे. दोन गावांतील दोन व्यक्तींचे नाव, वय व धंदा अगदी सारखा असू शकतो, म्हणून त्या एक होत नाहीत. लेखनिकाने नोंदीतील मजकूर सारखा आहे का हे न पाहता ती स्मृतीतील तीच नोंद आहे का हे पाहावयाचे असते. याच्या उलट, नोंद फक्त स्वतःलाच ओळखते अशी व्यवस्थाही अपुरी पडते. जावा भाषेतील याद्या मजकुरात उतरविताना, यादीत थेट तीच यादी घातलेली असेल तर ते ओळखले जाते व तशी खूण छापली जाते. पण पहिल्या यादीत दुसरी आणि दुसरीत पहिली असेल तर ती ओळख उपयोगी पडत नाही आणि राखीव जागा भरून आज्ञावली कोसळते. चक्र एका पावलाचे असो की शंभर पावलांचे, ते ओळखले गेले पाहिजे.

चक्र नसताही सामायिकतेमुळे संकट ओढवू शकते, हेही येथे सांगितले पाहिजे. एका नोंदीत दुसरीचा निर्देश दोनदा, दुसरीत तिसरीचा दोनदा, अशा ३१ नोंदी एकामागून एक रचल्या, तर शेवटची नोंद २ चा ३० वा घात इतक्या वेळा, म्हणजे १०७ कोटींहून अधिक वेळा लिहावी लागेल. एक्सएमएल या १९९८ सालच्या मानकात मजकुराच्या तुकड्याला नाव देऊन ते नाव पुढे वापरता येते. नावाने फिरून स्वतःकडे निर्देश करण्यास त्या मानकात मनाई आहे. पण दुष्ट हेतूने रचलेला मजकूर ती मनाई पाळूनही घात करू शकतो. तीन अक्षरांचा एक तुकडा घ्यावयाचा, पहिल्या नावात तो दहा वेळा घालावयाचा, दुसऱ्या नावात पहिले नाव दहा वेळा, असे नऊ नावांपर्यंत जावयाचे. शेवटच्या नावाचा विस्तार करणाऱ्या संगणकाला ३०० कोटी अक्षरे लिहावी लागतात, आणि मूळ मजकूर मात्र जेमतेम एका पानाचा असतो. ‘अब्ज हास्ये’ अशा अर्थाच्या इंग्रजी नावाने हा हल्ला ओळखला जातो. एकदा लिहून पुढे नावाने निर्देश करण्याची पद्धत, आणि एकंदर लांबीवर मर्यादा, हेच त्यावरील उपाय होत.

वाचणारा कोण

कोणता मार्ग केव्हा योग्य, याचा निर्णय एका प्रश्नाने होतो: हा मजकूर कोण वाचणार आहे?

काही मजकूर मनुष्याच्या डोळ्यांसाठी असतो. आज्ञावलीत बिघाड झाला की त्या क्षणी कोणत्या नोंदी कोणत्या स्थितीत होत्या याचे टिपण एका घटनावहीत केले जाते. हे टिपण करणारा लेखनिकच चक्रात सापडून कोसळला, तर मूळ बिघाडाचा पुरावा नष्ट होतो आणि शोध घेणाऱ्यापुढे भलताच दोष उभा राहतो. म्हणून घटनावहीच्या लेखनिकाने कोणत्याही परिस्थितीत थांबू नये. त्याने चक्राच्या जागी खूण घालावी, खोलीला आणि लांबीला मर्यादा ठेवावी आणि जेथे काही गाळले तेथे तसे स्पष्ट लिहावे. खोलीची मर्यादा आणखी एका कारणाने इष्ट आहे. निर्देशांच्या मागे मागे जाणारा लेखनिक एका साध्या नोंदीपासून आरंभ करून वापरकर्त्याच्या परवलीच्या शब्दापर्यंतही पोहोचू शकतो, आणि जे कोणाच्याही दृष्टीस पडू नये ते घटनावहीत उतरते. अशा नोंदींतील कोणती शीर्षके लिहावयाची हे आधी ठरवून देणे अधिक सुरक्षित असते.

दुसरा मजकूर यंत्रासाठी असतो. त्यावरून मूळ माहिती पुन्हा उभी करावयाची असते. तेथे खूण किंवा गाळणूक यांना मुळीच स्थान नाही. एकतर नामकरण करून संपूर्ण जाळे लिहावे, नाहीतर लिहिण्याचे नाकारावे. नामकरण करताना लेखनिकाला सामान्यतः दोन फेऱ्या घ्याव्या लागतात. पहिल्या फेरीत कोणती नोंद एकाहून अधिक वेळा भेटते हे तो मोजतो. दुसऱ्या फेरीत अशा नोंदींनाच नाव देऊन सर्व काही लिहितो. वाचणाऱ्यानेही प्रत्येक नोंद आधी रिकामी निर्माण करून मग तिचे निर्देश भरावे लागतात, कारण काही निर्देश अद्याप अपुऱ्या असलेल्या नोंदीकडेच जाणारे असतात. पायथनमधील पिकल ही सोय अशा रीतीने चक्रे व सामायिक नोंदी या दोहोंची नीट नोंद ठेवते. परंतु तिने लिहिलेले रूप परक्या हातून आले असेल तर ते उघडणे धोक्याचे असते, कारण ते वाचताना त्यात दडविलेल्या आज्ञाही अमलात येऊ शकतात. त्या भाषेच्या अधिकृत माहितीपत्रकात तसा इशारा दिलेला आहे. यावरून सुरक्षिततेचा विचार लिहिण्यापाशी संपत नाही, वाचण्यापर्यंत तो न्यावा लागतो, हे ध्यानी येईल.

आक्षेप आणि उत्तर

यावर असा आक्षेप घेतला जातो की, मुळात नोंदीच चक्र न येईल अशा रचाव्यात. मग ही सारी यातायात कशाला? या आक्षेपात तथ्य आहे. एडगर कॉड यांनी १९७० साली मांडलेल्या कोष्टकरूप रचनेत नोंदी एकमेकींच्या पोटात नसतात. प्रत्येक नोंदीला ओळखक्रमांक असतो आणि दुसऱ्या कोष्टकात तो क्रमांकच तेवढा लिहिला जातो. पित्याचा क्रमांक ७ असेल, तर अपत्याच्या ओळीत ‘पिता: ७’ एवढेच येते, आणि ते लिहिताना कोणताही फेरा पडत नाही. जेथे माहिती दोन संस्थांमध्ये नियमितपणे जावयाची आहे तेथे हीच रचना श्रेयस्कर होय.

तथापि यामुळे प्रश्न मिटला असे म्हणता येत नाही. ओळखक्रमांक देणे हेही नामकरणच आहे. ते लेखनाच्या वेळी न होता रचनेच्या वेळी झाले, इतकाच फरक. शिवाय आज्ञावली चालू असताना स्मृतीतील नोंदी वेगाने शोधता याव्यात म्हणून थेट निर्देश ठेवणेच सोयीचे पडते, आणि एखादे दिवशी त्या नोंदी लिहून काढण्याची गरज पडतेच. सर्व नोंदी आपणच रचलेल्या असतील याचीही शाश्वती नसते. तेव्हा उत्तम रचना चक्रांची संख्या कमी करील, पण लेखनिकाला बेसावध राहण्याची मुभा देणार नाही.

दुसरा आक्षेप वेगाचा आहे. प्रत्येक नोंदीची टीप ठेवण्यात वेळ व स्मृती खर्च होते हे खरे आहे. पायथनमधील जेसन लेखनिकाला तर ही तपासणी बंद करण्याची मुभाही दिलेली आहे. मात्र ती बंद केल्यावर चक्र आले, तर मर्यादा ओलांडल्याचा दोष तेवढा हाती येतो आणि त्याचे कारण शोधण्यात वाचविलेल्या वेळाच्या अनेकपट वेळ जातो. ज्याने आपल्या नोंदींत चक्र येऊच शकत नाही हे सिद्ध केले आहे त्याने ती बंद करावी. इतरांनी ती चालू ठेवणेच शहाणपणाचे आहे.

शिक्षणातील स्थान

शाळांतून व महाविद्यालयांतून आज्ञावलीचे शिक्षण देताना माहिती लिहिणे व वाचणे हा भाग बहुधा एका ओळीच्या आज्ञेत उरकला जातो. विद्यार्थी ती आज्ञा पाठ करतो, आणि दोष दिसला की तो नाहीसा करणारा कोणताही उपाय स्वीकारतो. त्याऐवजी चार लहान कसोट्या त्याच्यापुढे ठेवता येतील. पहिलीत नोंद थेट स्वतःकडे निर्देश करते. दुसरीत दोन नोंदी एकमेकींकडे निर्देश करतात. तिसरीत चक्र नाही, पण एकच नोंद दोन ठिकाणी सामायिक आहे. चौथीत चक्रही नाही आणि सामायिकताही नाही, पण नोंदींची साखळी एक लाख दुव्यांची आहे. पहिल्या कसोटीला पुष्कळ लेखनिक उतरतात. दुसरीत थेट स्वतःलाच ओळखणारे पडतात, तिसरीत वही न खोडणारे पडतात, आणि चौथीत राहिलेल्या कामांची यादी स्वतः न बाळगता खुणांच्या चळतीवर विसंबणारे पडतात. या चारही कसोट्या लिहावयास एक तासही लागत नाही, आणि त्यांसाठी साध्या संगणकाखेरीज कोणतेही साधन लागत नाही.

या कसोट्यांतून विद्यार्थ्याने जी सवय घ्यावयाची ती अशी की, माहिती लिहून झाल्यावर ती पुन्हा वाचून पाहावी आणि मूळ माहितीशी ताडून पाहावी. दोन भावंडांचा पालक वाचनानंतरही दोघांनाही मिळाला का, आणि तो एकच पालक आहे का, हे तपासल्यावाचून लेखन पूर्ण झाले असे मानू नये. आज शाळा, रुग्णालये, पतपेढ्या व शासकीय कार्यालये यांची माहिती एका यंत्रातून दुसऱ्या यंत्रात मजकुराच्या रूपानेच जाते. त्या मजकुरातील एक गाळलेली नोंद म्हणजे कोणाचा तरी पत्ता, कोणाचे तरी औषध किंवा कोणाचा तरी हक्क असतो. आपल्या लेखनिकाला काय लिहिता येत नाही हे ज्या आज्ञावलीकाराला ठाऊक आहे, आणि जो त्याला तसे उघड सांगावयास लावतो, त्याच्या हाती अशी माहिती सोपविण्यास हरकत नाही.